चित्रण घरात, वाट बाहेरून: कॅमेऱ्यांच्या स्थानिक साठवणीची पार्श्वभूमी

घरच्या सुरक्षा कॅमेऱ्याचे चित्रण घरातच ठेवावे की कंपनीच्या सर्व्हरवर, हा वाद फार जुना नाही. पूर्वी घराखेरीज दुसरी जागाच उपलब्ध नव्हती. दारावरचा कॅमेरा आणि आतल्या खोलीतला पडदा यांची सांगड घालणाऱ्या योजनेला अमेरिकेत १९६९ मध्ये पेटंट मिळाले. पुढे थोड्या थोड्या अंतराने एकेक चित्र टिपून व्हीएचएसची दोन-तीन तासांची टेप दिवसभर पुरवणारे रेकॉर्डर आले, आणि कालांतराने त्यांची जागा हार्ड डिस्क असलेल्या डीव्हीआरने (डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डरने) घेतली. चित्रण पाहायचे तर त्या यंत्रासमोर जाऊन बसावे लागे.

थेट संगणक-जाळ्याला जोडता येणारा नेटवर्क कॅमेरा १९९६ मध्ये बाजारात आला. कॅमेऱ्याकडून चित्राचा प्रवाह मागवण्याचा आरटीएसपी हा प्रोटोकॉल १९९८ चा, एच.२६४ हे संक्षेपणाचे मानक २००३ चे आणि वेगवेगळ्या उत्पादकांची उपकरणे एकमेकांशी जोडता यावीत यासाठीचे ऑनव्हिफ २००८ चे. या तिन्हींमुळे एका उत्पादकाचा कॅमेरा दुसऱ्याच्या रेकॉर्डरला जोडणे शक्य झाले आणि जागेचा हिशेबही आवाक्यात आला. सेकंदाला ४ मेगाबिट या दराने अखंड चित्रण केल्यास दिवसाला सुमारे ४३ जीबी जागा लागते, म्हणजे एका कॅमेऱ्याला १ टीबीची डिस्क साधारण तेवीस दिवस पुरते. ती भरली की सर्वांत जुने चित्रण पुसून नवे लिहिले जाते. साठवणीचा प्रश्न येथेच बव्हंशी सुटला होता. अडले ते घराबाहेरून पाहण्याच्या सोयीपाशी.

त्यावरचा पहिला उपाय राउटरवर पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याची वाट, उघडण्याचा होता. कॅमेरे बसवणारा तंत्रज्ञ डीव्हीआरचा पोर्ट इंटरनेटला खुला करून देई; कित्येकदा यूपीएनपीच्या (राउटरकडून आपोआप पोर्ट उघडून घेण्याच्या सोयीच्या) आधारे यंत्र स्वतःच तसे करी आणि मालकाला त्याचा पत्ताही नसे. कारखान्यातून आलेला पासवर्ड मात्र तसाच राही. २०१६ मध्ये मिराई या मालवेअरने साठेक ठरावीक नावे-पासवर्ड वापरून असेच डीव्हीआर आणि कॅमेरे मोठ्या संख्येने ताब्यात घेतले, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यात अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली.

उत्पादकांनी पुढे ज्या पी-टू-पी (दोन उपकरणांची थेट गाठ घालणाऱ्या) जोडणीवर भर दिला, तिला यामुळे सबळ समर्थन मिळाले. हा निर्णय आजही वादाचा आहे आणि त्यावर जितकी चर्चा व्हायला हवी होती तितकी झाली नाही. या पद्धतीत पोर्ट उघडावा लागत नाही. कॅमेरा स्वतःच कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क ठेवतो, मोबाइलवरील अ‍ॅप कॅमेऱ्यावरच्या क्यूआर कोडातून त्याचा ओळख-क्रमांक वाचून त्याच सर्व्हरकडे चौकशी करते, आणि सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. थेट गाठ पडली नाही तर चित्र सर्व्हरमार्गेच पुढे जाते. चित्रण घरातल्या मेमरी कार्डावर असते हे खरे, पण ते पाहण्याची परवानगी कंपनीच्या खात्याकडे गेलेली असते. सोय निर्विवाद आहे, आणि पोर्ट उघडा ठेवण्यापेक्षा हा मार्ग बरा, हा युक्तिवादही खोटा नाही. तथापि २०१९ मध्ये अनेक नावांनी विकल्या जाणाऱ्या उपकरणांतील एका पी-टू-पी प्रणालीचे ओळख-क्रमांक अंदाजाने शोधता येतात असे उघड झाले, तेव्हा त्या युक्तिवादाचा पाया बराच खचला.

२०२२ च्या अखेरीचे प्रकरण याहून बोलके आहे. चित्रण घराबाहेर जात नाही अशी जाहिरात करणाऱ्या एका कंपनीचे कॅमेरे, क्लाउड सेवा न घेतलेल्या ग्राहकांच्या बाबतीतही, टिपलेल्या प्रसंगांची लघुचित्रे सर्व्हरवर पाठवत असल्याचे एका संशोधकाने दाखवले. मोबाइलवरील सूचनेसोबत चित्र दिसावे म्हणून ती पाठवली जातात, हे कंपनीचे स्पष्टीकरण तांत्रिकदृष्ट्या पटण्याजोगे होते. विकत घेताना ते कोणी सांगितले नव्हते, एवढीच अडचण.

घरातल्या घरात पाहण्याचा रस्ताही या काळात अरुंद झाला. जुन्या डीव्हीआरचे वेबपान इंटरनेट एक्सप्लोररच्या अ‍ॅक्टिव्हएक्स प्लगइनशिवाय (ब्राउझरला जोडाव्या लागणाऱ्या छोट्या प्रोग्रामशिवाय) चित्र दाखवत नसे, आणि तो ब्राउझर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. नव्या कॅमेऱ्यांपैकी काहींत आरटीएसपी नसतेच; काहींत ते असते, पण मूळ सेटिंगमध्ये बंद असते. ते चालू करून घरच्या संगणकावरील मुक्त स्रोत प्रणालीत चित्रण घेणाऱ्यांनी कॅमेऱ्याचा इंटरनेट संपर्क राउटरवरच तोडण्याची रीत रुळवली आहे, आणि बाहेरून पाहण्यासाठी ते स्वतःच्या व्हीपीएनचा, म्हणजे घरच्या नेटवर्कपर्यंतच्या सुरक्षित खासगी जोडणीचा, आधार घेतात. बॅटरीवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांना हा मार्ग मानवत नाही, कारण हालचाल जाणवेपर्यंत ते झोपलेले असतात आणि अखंड प्रवाह सुरू ठेवला तर बॅटरी लवकरच उतरते. त्यांच्यासाठी निघालेली घरातली साठवण-पेटी बहुधा त्याच कंपनीच्या अ‍ॅपशी आणि खात्याशी बांधलेली असते.