डिझेल अडलंय की पंखा?

गेटवेसमोर उभ्या असलेल्या शिडाच्या होड्यांत एक तक्रार नेहमी ऐकू येते: इंजिन चालू होतं, पण दम धरत नाही. थ्रॉटल (वेगाचा दांडा) पूर्ण पुढे केला तरी मिनिटाला ३६०० फेऱ्यांच्या इंजिनाचा काटा २६०० च्या आसपास घुटमळतो. कारणं बरीच असू शकतात, पण वीस-तीस अश्वशक्तीच्या छोट्या डिझेल इंजिनात बहुतेक वेळा दोघांपैकी एकच गुन्हेगार असतो. एक तर डिझेल पुरेसं पोचत नाही, नाहीतर पाण्याखालच्या पंख्यावर (प्रोपेलरवर) किंवा होडीच्या बुडाला काहीतरी चिकटलेलं असतं. वरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणूनच पैसे वाया जातात.

घोटाळ्याची सुरुवात न्यूट्रलमध्ये होते. गियर काढून रेस दिली की इंजिन मस्त गर्जतं आणि सगळे म्हणतात, ‘इंजिन तर ठणठणीत आहे.’ हा निष्कर्ष पक्का नाही. न्यूट्रलमध्ये इंजिनाला डिझेल फारच कमी लागतं, त्यामुळे अर्धा तुंबलेला फिल्टरही तेवढं देऊन जातो. पंखा तर त्या वेळी फिरतच नसतो. म्हणजे दोन्ही आरोपी सुटतात.

खरी साक्ष धूर देतो. डिझेल इंजिनात गव्हर्नर असतो. तुम्ही मागितलेल्या फेऱ्या मिळाल्या नाहीत की तो आपणहून जास्त डिझेल सोडतो. पंख्याला नायलॉनची दोरी गुंडाळलेली असेल किंवा पात्यांवर बार्नेकलचे (चिकटून वाढणाऱ्या, कडक कवचाच्या समुद्री जीवांचे) थर असतील, तर गव्हर्नर शेवटच्या टोकापर्यंत डिझेल ओततो. ते जाळायला सिलिंडरमधली हवा पुरत नाही, मग मागून काळा धूर निघतो आणि तापमानाचा काटाही बऱ्याचदा चढतो. फिल्टर तुंबला असेल तेव्हा गव्हर्नर तसंच मागतो, पण डिझेल येतच नाही. जास्तीचं डिझेलच नाही तर काळा धूर कुठून येणार? इंजिन गप्प गळून जातं. मध्येच फेऱ्या वर-खाली होतात, उचकी लागल्यासारख्या.

दुसरी साक्ष घड्याळाची. पंख्याचा त्रास पहिल्या मिनिटापासून असतो आणि तासाभरानेही तेवढाच राहतो. डिझेलचा त्रास बहुधा उशिरा येतो. वीस मिनिटं छान चालतं, कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या प्रॉन्ग्ज रीफ या खडकाच्या बाहेर लाटा लागल्या की टाकीच्या तळाचा गाळ ढवळतो आणि इंजिन बसतं. बंद करून थोडा वेळ थांबलात की नळीच्या तोंडाशी ओढला गेलेला गाळ खाली बसतो आणि इंजिन पुन्हा शहाण्यासारखं चालतं. ‘आपोआप बरं झालं’ हे ऐकलं की मी सरळ फिल्टरकडे जातो.

महिना पाहिला तरी अंदाज येतो. पावसाळाभर अर्धी रिकामी टाकी उभी असेल तर आतल्या दमट हवेचं पाणी होतं, आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर काळी बुळबुळीत घाण वाढते. म्हणून ऑक्टोबरात माझा पहिला संशय डिझेलवर. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो पंख्यावर, कारण बंदराच्या कोमट पाण्यात न हललेल्या होडीचं बूड महिन्याभरात खरखरीत होतं.

आमच्या एका होडीवर मिस्त्रीने ‘पंप गेला’ असं सांगून डिझेल फवारणारे सगळे नोझल उतरवले. धूर काळा होता, हे कोणी विचारातच घेतलं नाही. खाली बुडी मारली तर पंख्याच्या दांड्यावर (शाफ्टवर) जाळ्याचा तुकडा आणि पिशव्यांचा गोळा! बंदराच्या गढूळ पाण्यात डोळ्यांना काही दिसत नाही, हातानेच चाचपावं लागतं. हातमोजे घाला, बार्नेकल ब्लेडसारखे कापतात. आणि इंजिनाची किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून मगच पाण्यात उतरा.

डिझेलचा संशय असेल तर सगळ्यात स्वस्त चाचणी म्हणजे कॅन. स्वच्छ डिझेलचा पाच लिटरचा कॅन घ्या, टाकीकडून येणारी नळी पहिल्या फिल्टरच्या आधी काढून तिथे कॅनची नळी जोडा, एअर काढा (नळीत अडकलेली हवा बाहेर सोडा) आणि गियरमध्ये जोर देऊन चालवा. सुधारणा झाली तर दोष टाकीत, नळीत किंवा टाकीच्या श्वासनळीत (टाकीत हवा येण्याच्या नळीत) आहे. श्वासनळीसाठी त्याहून सोपी युक्ती: इंजिनाचा दम जात असताना टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत ओढली गेली तर टाकीला श्वासच मिळत नव्हता. कॅनवरही फरक पडला नाही तर मग फिल्टर बदला. बदलल्यावर एअर नीट काढा, नाहीतर नवा फिल्टर घालूनही इंजिन बंदच पडेल आणि तुम्ही पुन्हा मिस्त्रीला फोन कराल.

एक तिसरा सोंगाड्याही आहे. धूर काळा, पण पंखा आणि बूड दोन्ही चकचकीत. अशा वेळी हवेचा फिल्टर बघा, आणि तो ठीक असेल तर एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप, जिथे समुद्राचं पाणी गरम धुरात मिसळतं. तिथे काजळी आणि मीठ साचून भोक बारीक होतं आणि इंजिन श्वास सोडू शकत नाही. थंड झाल्यावर एल्बो खोलून आत करंगळी घाला. ती अडकली तर दोष तिथेच आहे, नोझलना हात लावू नका.