दहावीच्या वर्षातही खाडीकाठी जा

ठाण्यात दहावी-बारावीचं घर लगेच ओळखू येतं. पाहुणे बंद, टीव्ही बंद आणि मुलांचं संध्याकाळी खाली उतरणंही बंद. 'परीक्षा झाली की काय हिंडायचं ते हिंड,' असं आपण अगदी मायेनं सांगतो. पण मोकळ्या हवेची सर्वांत जास्त गरज असते ती याच वर्षात, असं संशोधन वाचताना वाटत राहतं.

ताणाखालचं मन एकच विचार उगाळत बसतं. पेपर अवघड गेला तर? मित्र पुढे गेले तर? हे उगाळणं नैराश्याकडे नेणाऱ्या वाटांपैकी एक मानलं जातं. स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये 38 निरोगी शहरी माणसांवर एक प्रयोग केला. निम्मे जण गवताळ, झाडीच्या भागात 90 मिनिटं चालले, उरलेले वाहत्या रस्त्याच्या कडेनं. झाडीतून आलेल्यांचं उगाळणं कमी झालं होतं. शिवाय कपाळामागे खोलवर असलेला, अशा विचारांशी जोडलेला मेंदूचा भाग स्कॅनमध्येही शांत दिसला. रस्त्यावरून चाललेल्यांत तसा फरक नव्हता. म्हणजे हा परिणाम नुसत्या चालण्याचा नव्हता.

असं का होत असेल? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या मानसशास्त्रज्ञ दांपत्याचं उत्तर मला सर्वांत पटतं. गणित सोडवताना आपण लक्ष जबरदस्तीनं एका जागी धरून ठेवतो, आणि ही ताकद थकते. निसर्गात लक्ष आपोआप, हलकेच वेधलं जातं आणि थकलेल्या ताकदीला विसावा मिळतो. ओहोटीच्या वेळी ऐरोलीजवळ खाडीकाठी उभं राहून बघा. चिखलात निवट्या, म्हणजे बोटभर मासे, उड्या मारत असतात. एकच नांगी भलीमोठी असलेले छोटे नर खेकडे ती नांगी वर-खाली हलवून मादीला बोलावतात. सावली पडली की सगळे बिळात, आणि थोड्या वेळानं एकेक करून पुन्हा बाहेर. तिवराच्या पानावर बोट फिरवून चाटलं तर मीठ लागतं, कारण हे झाड जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. हे बघायला कष्ट पडत नाहीत, तरी मन तिथंच रमतं. मोबाइलही लक्ष खेचतो, पण तो ते सोडत नाही.

आता वेळेचा प्रश्न. इंग्लंडमधल्या सुमारे 20 हजार लोकांची माहिती 2019 मध्ये तपासली गेली. आठवड्याला निदान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ सलग घालवला की तुकड्यांत, यानं फरक पडला नाही. रोज वीस मिनिटं उपवन तलावाला फेरी मारली तरी हिशेब जमतो. येऊरच्या डोंगराची चढण रविवारी.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. मूल आठवडेच्या आठवडे गप्प राहत असेल, झोप उडाली असेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर फिरायला नेणं हा त्यावरचा इलाज नव्हे. तिथं डॉक्टरच हवेत. टेली-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर कधीही, मोफत बोलता येतं. निसर्ग उपचाराच्या जोडीला असावा, त्याच्या जागी नाही.

आणि येऊर प्रत्येकाच्या दाराशी नसतं. दिवा स्टेशनजवळच्या चाळीतल्या मुलाला तिथं पोचायला लोकल, मग रिक्षा आणि अर्धा दिवस लागतो. डेन्मार्कमध्ये 9 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी आणि उपग्रहचित्रं ताडून पाहिली गेली. बालपणी घराभोवती सर्वांत कमी हिरवाई असलेल्यांमध्ये पुढे मानसिक आजारांचा धोका 55 टक्क्यांपर्यंत जास्त आढळला. कुटुंबाची आर्थिक स्थिती आणि घरातली आजारांची पार्श्वभूमी लक्षात घेऊनही हा संबंध टिकला. हिरवाई हेच त्याचं कारण, असं यातून सिद्ध होत नाही. तरीही सोसायटीच्या सभेत झाडं काढून पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला, की ही नोंद तिथं मोठ्यानं वाचून दाखवावी.