पहिला आणि दहावा: लांब पल्ल्याच्या रनर्समधली दरी नक्की कुठून आली

मोठ्या मॅरेथॉनमध्ये पहिला आणि दहावा यांच्यात बऱ्याचदा चार-पाच मिनिटांचाच फरक असतो, दोन तासांहून जास्त पळून झाल्यावर. पण पैशाचं बघा, 2022 च्या बोस्टन मॅरेथॉनला पहिल्याला 1,50,000 डॉलर आणि दहाव्याला 5,500. आणि हे फक्त जाहीर झालेलं बक्षीस, त्यावर स्टारला शूज कंपनीचं काँट्रॅक्ट असतं आणि नुसतं स्टार्ट लाईनवर येण्यासाठी अपिअरन्स फी असते, जिचा आकडा सहसा कुठेच जाहीर होत नाही.

या फीमागची सवय फार जुनी आहे. पूर्वी अॅथलेटिक्समध्ये पैसे घेणं हाच गुन्हा होता. फिनलंडच्या पावो नुर्मीकडे ऑलिंपिकची 9 गोल्ड मेडल्स होती, तरी जर्मनीच्या दौऱ्यात प्रवासखर्च म्हणून जास्त पैसे घेतले असा ठपका ठेवून त्याला 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधून बाहेर काढलं. पण पब्लिक तर नाव बघूनच येणार ना, त्यामुळे आयोजक खर्चाच्या नावाखाली गुपचूप द्यायचेच, आणि द्यायचे ते फक्त ज्याच्या नावावर तिकिटं खपतात त्याला. मागून सातवा-आठवा येणाऱ्याला कोण कशाला गुपचूप पैसे देईल? माझ्या मते दरीची सुरुवात इथेच झाली.

1972 ला म्युनिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत रनिंगची लाट आली, रोड रेसेस वाढल्या, टेबलाखालचा पैसाही वाढला. त्याच काळात स्टीव्ह प्रीफाँटेन, ज्याच्या नावावर एकापेक्षा जास्त अमेरिकन रेकॉर्ड्स होते, तो ट्रेलरमध्ये राहायचा आणि अॅमेच्युअर नियमांवरून (म्हणजे खेळाडूने पैसे घ्यायचेच नाहीत, या नियमांवरून) फेडरेशनशी उघड भांडायचा. शेवटी 1981 ला पोर्टलंडच्या कॅस्केड रन ऑफमध्ये रनर्सनी सरळ सगळ्यांसमोर बक्षिसाचे पैसे घेतले, काहींना त्यासाठी बंदीची कारवाई झेलावी लागली, पण पुढच्याच वर्षी जागतिक फेडरेशनला ट्रस्ट फंडची वाट काढावी लागली, म्हणजे पैसे थेट खिशात न जाता रनरच्या नावाच्या फंडात जायचे. बोस्टनने 1986 ला पहिल्यांदा बक्षिसाची रक्कम ठेवली, जिंकलेल्या रॉब डी कॅस्टेलाला 30,000 डॉलर आणि वर एक कार मिळाली.

म्हणजे बक्षीस उघड्यावर आलं पण अपिअरन्स फी पडद्याआडच राहिली, आणि माझा खरा राग त्यावर आहे. दुसऱ्या फळीच्या रनरला बाजारभावच कळत नाही, मग तो घासाघीस करणार कशी? त्यात 90 च्या दशकापासून केनिया आणि इथिओपियातून इतके जबरदस्त रनर्स यायला लागले की 2 तास 10 मिनिटांच्या आतली वेळ, जी एकेकाळी तुम्हाला स्टार करायची, ती आता नुसती आत शिरायची पात्रता झालीये. मॅरेथॉन वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, म्हणजे एक दुखापत झाली की अर्ध्या वर्षाची कमाई गेली, म्हणून बरेच जण पेसमेकर म्हणून, म्हणजे पुढे पळून इतरांना वेग ठरवून देण्यासाठी, ठरलेली रक्कम घेतात आणि 30 किलोमीटरला बाजूला होतात. 2006 ला मोठ्या शहरांच्या मॅरेथॉन्स एकत्र जोडणारी मॅरेथॉन मेजर्स सिरीज आली तीही सगळं पहिल्यालाच देणारी, टॉपच्या पुरुष आणि महिला रनरला प्रत्येकी 5,00,000 डॉलर, दुसऱ्याला काही नाही.

दुसरी वाट नव्हतीच असं नाही. जपानमध्ये कंपन्यांच्या टीम्स असतात, रनर तिथे पगारावर असतो, आणि मला वाटतं तिथे चांगली मॅरेथॉन पळणारे इतके निघतात त्याचं मोठं कारण हाच पगार आहे. अमेरिकेत हॅन्सन्स बंधूंनी 1999 ला मिशिगनमध्ये असाच ग्रुप काढला, राहायला घर आणि रनिंग शॉपमध्ये पार्टटाइम काम, आणि त्यातूनच ब्रायन सेल 2008 च्या ऑलिंपिक टीममध्ये पोचला. 2018 ची बोस्टन तर विसरताच येत नाही, गोठवणारा पाऊस, पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची, फुलटाइम सरकारी नोकरी करणारा (तो कंपनी टीममध्येही नव्हता), आणि महिलांत दुसरी आली सारा सेलर्स, फुलटाइम नर्स, तिला 75,000 डॉलर मिळाले. असा दिवस क्वचितच येतो.

आणि 2024 ला वर्ल्ड अॅथलेटिक्सने (तीच जागतिक फेडरेशन) ऑलिंपिकला पहिल्यांदा पैसे जाहीर केले तेही फक्त गोल्डला, 50,000 डॉलर, सिल्व्हर-ब्राँझचं 2028 ला बघू म्हणाले. पॅरिसच्या 10,000 मीटरमध्ये जोशुआ चेप्टेगेई 26:43.14, बेरिहू अरेगावी 26:43.44, ग्रँट फिशर 26:43.46. पाऊण सेकंदाच्याही आत तिघं, आणि त्यातल्या दोघांना या पैशातलं काहीच नाही.