कॅक्टस कॉम्प्युटरजवळ ठेवला की रेडिएशन ओढून घेतो?

"कॉम्प्युटर, वायफायजवळ काटेरी कॅक्टस ठेवा, सगळं रेडिएशन शोषून घेतो" हा मेसेज जुन्या डब्बा मॉनिटरच्या काळापासून फिरतोय. ऐकायला पटतं पण, कारण काट्यांकडे बघून तसं वाटूच शकतं.

आता नीट बघू. वायफायचं रेडिएशन म्हणजे त्याच्या लहरी, त्या राउटरमधून चहूबाजूंनी सरळ निघतात, बाजूला ठेवलेली कुंडी त्यांना स्वतःकडे वळवू शकत नाही. बरोबर मधे आली तर थोडंफार अडेल, ते पण आतल्या पाण्यामुळे, काट्यांमुळे नाही. आणि आताच्या स्क्रीनमधून मुख्यतः उजेडच बाहेर येतो, तो अडवायचा कशाला?

चेक करायचं तर कॅक्टस राउटरशेजारी ठेवा आणि मोबाईलवर नेटचा स्पीड बघा, मग कुंडी दुसऱ्या खोलीत नेऊन परत बघा. खरंच ओढत असता तर घरातलं नेट बंदच पडलं असतं ना.

नुकसान होतं ते झाडाचं. टेबलावर ऊन नाही, मग शेंडा बारीक, फिकट होत लांबत जातो. त्याला खिडकीतलं ऊन द्या, पण आपल्या जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो तेव्हा सावलीतला कॅक्टस एकदम दुपारच्या उन्हात ठेवू नका, भाजतो, हळूहळू सवय लावा. शेतातली नुसती काळी माती कुंडीत नको, ती पाणी धरून ठेवते नि मूळ सडतं, जाड रेती भरपूर मिसळा आणि माती आतपर्यंत सुकली की मगच पाणी.