देहादर्श आणि समकालीन शिल्प (बडोदा)

प्रमाणबद्ध बांधा, तारुण्य, नितळ कातडी, धडधाकट हातपाय या देहाविषयीच्या रूढ अपेक्षांना प्रश्न विचारणारे शिल्पकाम. लंडनच्या ट्रफल्गार चौकात २००५ साली मार्क क्विन यांनी घडवलेला, जन्मतः हात नसलेल्या गरोदर कलावंत ॲलिसन लॅपर यांचा संगमरवरी पुतळा बसला. सेनापतींच्या पुतळ्यांशेजारी कोणाच्या देहाला जागा मिळते, हा वाद त्यामुळे भर रस्त्यावर आला.

बडोद्यात हा प्रश्न निराळ्या वाटेने उभा राहिला, कारण आदर्श देहाचे नमुने इथे गावातच आहेत. लक्ष्मीविलास राजवाड्यात इटालियन शिल्पकार फेलिची यांची शिल्पे आहेत. मराठी वस्तीच्या दांडिया बाजारात जुम्मादादा व प्रो. माणिकराव यांच्या आखाड्याने पीळदार शरीर हेच शील मानायला कित्येक पिढ्यांना शिकवले. सयाजीबागेतल्या संग्रहालयात १९५१ मध्ये बडोद्याच्याच अकोटा भागात सापडलेल्या जैन धातुमूर्ती आहेत. अशा मूर्तींमागे तालमानाचे शास्त्र आहे: एक ताल म्हणजे चेहऱ्याची लांबी, बारा अंगुळे, नवताल देह एकशे आठ अंगुळांचा. देवाला ताल जास्त, गणाला आणि कुबड्याला कमी. उंचीचे माप हे मानाचेही माप होते.

महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित कला विद्याशाखेत (स्थापना १९५०) शिकलेल्या शिल्पकारांनी नेमके हेच माप हलवले. जी. रवींदर रेड्डी यांचे काम त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. आंध्रातल्या साध्यासुध्या बाईचा चेहरा, जाड ओठ, टक्क उघडे डोळे, अंबाड्यावर फुले; आणि हे एकटे डोके पुरुषभर उंच, काही वेळा सोन्याच्या वर्खाने मढवलेले. कांसे महाग, ओतकामाला भट्टी लागते. म्हणून भव्य पुतळा राजाच्या किंवा पुढाऱ्याच्या वाट्याला येई. फायबरग्लासचे तसे नाही. मातीचे काम, त्यावरून साचा, साच्यात राळ आणि काचतंतूंचे थर. आतून पोकळ, वजनाला हलके. साहित्य स्वस्त झाले आणि बाजारात भेटणाऱ्या बाईला देवीची उंची मिळू शकली. सौंदर्यशास्त्राच्या चर्चेत साहित्याच्या किमतीचा हा भाग सहसा राहून जातो, तो राहू नये.

१९८७ मध्ये केरळच्या तरुण कलावंतांनी बडोद्यात भरवलेल्या प्रदर्शनात के. पी. कृष्णकुमार (१९५८–१९८९) यांची रंगवलेली, अवघडलेली माणसे होती. त्यांत डौल शोधणे व्यर्थ. त्यांचा जोर त्या अवघडलेपणातच आहे. एन. एन. रिमझोन यांच्या १९९२ च्या ‘द इनर व्हॉइस’मध्ये जैन मूर्तीसारखा नग्न पुरुष सरळ उभा आहे आणि पायांभोवती तलवारींचे अर्धवर्तुळ. अकोट्याच्या मूर्ती पाहून आलेल्याला तोच निश्चल देह इथे वेढलेला दिसतो.

मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी छिन्नी बाजूला ठेवून दोर हाती घेतला. बडोद्यात चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे शिकलेल्या मुखर्जींनी रंगवलेल्या तागाच्या दोरांना हाताने गाठी मारत, आधी आराखडा न काढता, माणसाएवढ्या आकृती उभ्या केल्या. ‘यक्षी’ (१९८४) हे नाव ऐकून मथुरेच्या प्राचीन शिल्पांतली कमनीय स्त्री डोळ्यांसमोर येते. समोर मात्र घड्या, ओठांसारखे पदर, फूल की योनी हे ठरवता न येणारे आकार. तागाला ताठपणा नाही. त्यामुळे या देवतांचे देह स्वतःच्याच वजनाने खाली ओघळतात.