वेलांटीवरून माणसाची पारख कधी सुरू झाली?

नाना फडणविसांच्या कारकुनाला वेलांटीवरून कोणी बोल लावला नसता. दरबारी पत्रे, जमाखर्च, सावकाराच्या वह्या, सगळे मोडीत चाले आणि मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळतच नसत. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, याला साक्ष आहेत. कागदावरून माणूस जोखला जात नव्हता असे नाही. अक्षराचे वळण बघत, आणि त्याहून बारकाईने मायना बघत. कोणाला 'राजश्री', कोणाला 'तीर्थरूप', कोणाला साष्टांग नमस्कार आणि कोणाला नुसता आशीर्वाद, यात गफलत झाली तर ती थेट मानपानावर जाई. ऱ्हस्व-दीर्घ ही पोथ्या लिहिणाऱ्या शास्त्र्यांची चिंता होती. त्यांची लिपी बालबोध, म्हणजे आजची देवनागरी, आणि त्यांची खरी भाषा संस्कृत.

हे चित्र छापखान्याने आणि सरकारी शाळेने बदलले. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी सुरुवातीला मोडीचेही छपाईचे खिळे पाडले होते, पण पुढे मराठी छपाई बालबोधीत स्थिरावली आणि तिच्याबरोबर संस्कृताचा चष्मा मराठीच्या नाकावर चढला. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्या कामात त्याच्याबरोबर असलेला टॉमस कँडी पुढे सरकारी भाषांतरकार झाला आणि शालेय पुस्तकांची मराठी त्याच्या नजरेखालून जाऊ लागली. स्वल्पविराम, अर्धविराम ही मंडळी मराठीत रुळली तीही मुख्यतः त्याच्यामुळे. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण आले आणि पिढ्यान्‌पिढ्या ते शाळांत चालले. गंमत म्हणजे हेच दादोबा पुढे जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेच्या संस्थापकांत होते. आपल्या व्याकरणातून उच्चनीचतेची एक नवी फूटपट्टी तयार होईल, हे त्यांच्या मनातही आले नसावे.

ती पट्टी जोरात उगारली विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी. १८७४ मध्ये त्यांनी 'निबंधमाला' काढली. मराठीला इंग्रजीच्या बरोबरीने ताठ उभे करण्याची त्यांची तळमळ खरी होती आणि त्यांचे गद्य आजही वाचताना मजा येते. पण जोतीराव फुल्यांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांनी जे हत्यार उपसले ते व्याकरणाचे. 'गुलामगिरी' १८७३ ची. धोंडिबा आणि जोतीराव यांच्या संवादातून ती लिहिलेली आहे, आणि शेतकरी, माळी, कष्टकरी जसे बोलतात तशी भाषा तिच्यात भरलेली आहे. प्रश्न होता शूद्रातिशूद्रांना विद्येपासून कोणी आणि का दूर ठेवले हा. त्यावर शास्त्रीबुवांनी लेखकाच्या भाषेची, व्याकरणाची यथेच्छ खिल्ली उडवली. ज्यांना अक्षरे शिकू दिली नाहीत त्यांच्या वतीने कोणी लिहायला बसले, तर त्याची अक्षरेच तपासायची! मराठीतल्या वादविवादाची ही रीत तेव्हा पडली ती पडलीच. १८८५ मध्ये न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्याच्या ग्रंथकार सभेचे निमंत्रण धाडले, तेव्हा फुल्यांनी 'घालमोड्या दादां'च्या, म्हणजे त्यांच्या लेखी उच्चवर्णीय ग्रंथकारांच्या, संमेलनाला येण्यास नकार दिला. त्या नकाराची कारणे व्याकरणापेक्षा मोठी होती. पण त्या मांडवात आपले लिहिणे कोणत्या नजरेने पाहिले जाते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होताच.

यानंतरची पन्नास-साठ वर्षे अनुस्वारांच्या भांडणात गेली. 'नांव', 'पांच', 'कांहीं', 'तीं मुलें घरांत आलीं' असे लिहिण्याची पद्धत होती. यातले कित्येक अनुस्वार कोणाच्या तोंडून येत नसत. शब्दाची व्युत्पत्ती किंवा विभक्ती दाखवायला ते डोक्यावर बसवलेले. साने, गोडबोले, हातवळणे या त्रयीने विसाव्या शतकाच्या तोंडावर हे ओझे कमी करा अशी मागणी केली, तेव्हा विद्वानांत रण माजले. मग १९६१ मध्ये मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले. त्याने १९६२ मध्ये १४ नियम आणि १९७२ मध्ये आणखी ४ नियम ठरवले. शासनाने ते स्वीकारले, म्हणजे ते पाठ्यपुस्तकांत आले, परीक्षेत आले, गुण कापू लागले. अनुच्चारित अनुस्वार गेले. 'कवि', 'गुरु' यांची शेपटे लांबून 'कवी', 'गुरू' झाली. ज्यांची बोटे जुन्या पद्धतीत घडली होती ती शाळामास्तरांची पिढी, काल शुद्ध लिहिणारी, एका ठरावानिशी अशुद्ध ठरली. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

नियम सोपे झाले, पण त्यातली मेख राहिली. अकारान्त शब्दात शेवटून दुसरे इकार-उकार दीर्घ: मूल, वीस, सून. मात्र शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला असेल तर संस्कृतात असेल तसे: विष, गुण, मधुर. 'मूल'चे 'मुलाला' होते, 'रूप'चे 'रूपाला'च राहते. 'कवी' दीर्घ, पण 'कविमन' ऱ्हस्व. बोलताना 'विष' आणि 'वीस' यांच्या वेलांटीत फरक ऐकू येतो असे छातीवर हात ठेवून किती जण सांगतील? म्हणजे बरोबर लिहायचे तर कोणता शब्द संस्कृताच्या घरचा आणि कोणता मराठीच्या, हे आधी ठाऊक हवे. ज्या घरात स्तोत्रे कानावर पडतात, पुस्तकांची कपाटे आहेत, तिथल्या मुलाला हे न शिकवता येते. ऊसतोड मजुराच्या मुलीला ते पाठ करावे लागते. दोघांचीही वही एकाच लाल शाईने तपासली जाते.

उच्चाराचेही तेच. 'पानी', 'लोनी', 'व्हतं' हे विदर्भात, खानदेशात, मराठवाड्यात धडधडीत चालणारे मराठी. पुण्या-मुंबईच्या वर्गात त्यावर हशा पिकतो. महामंडळाचे अखेरचे ४ नियम आले त्याच १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला, आणि कामाठीपुऱ्याची भाषा प्रमाण-अप्रमाणाचा परवाना न मागता कवितेत शिरली. त्यानंतर दलित आणि ग्रामीण लेखनाने साहित्यापुरता हा प्रश्न बराचसा निकालात काढला. अभ्यासक 'शुद्धलेखन' टाकून 'प्रमाणलेखन' म्हणू लागले. कार्यालयात आणि लग्नाच्या बैठकीत तितकासा फरक पडलेला नाही.

ठरलेले लेखन नको, असे माझे म्हणणे नाही. कोश, कायदा, पाठ्यपुस्तक, संगणकावरचा शोध यांना एक रूप लागतेच, आणि अरुण फडक्यांसारख्या शुद्धलेखनाच्या अभ्यासकांनी त्यासाठी आयुष्य वेचले ते वाया गेलेले नाही. पण ही पारख सगळ्यांना सारखी लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने 'आणी' लिहिले तर त्याचा फोटो गावभर फिरतो. इंग्रजी माध्यमातल्या नातवाने आजीला वाढदिवसाच्या कार्डावर तेच 'आणी' लिहिले, तर आजी ते कौतुकाने शेजाऱ्यांना दाखवते. आणि त्या शिक्षकाचा फोटो तिनेही पुढे पाठवलेला असतो.