चित्रपट, चित्रकथा व पारलिंगी अभ्यास (कोकण)

चित्रपट, चित्रकथा (कॉमिक्स) आणि पारलिंगी (ट्रान्सजेंडर, म्हणजे जन्मावेळी नोंदलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्या) व्यक्तींचे जीवन या तीन विषयांचे विद्यापीठीय अध्यापन व संशोधन. तिन्ही ज्ञानशाखा वयाने लहान आहेत. साहित्य, समाजशास्त्र किंवा माध्यमशिक्षण यांच्या ओसरीवर बसून त्यांनी बराच काळ काढला. भारतात चित्रपट-अभ्यासाचा पहिला स्वतंत्र विद्यापीठीय विभाग कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात १९९३ साली निघाला. पुण्यात मात्र चित्रपट संस्था (१९६०) आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) यांच्यामुळे रसग्रहणाचे शिक्षण त्याआधीच रुजले होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसारची रचना तेथे २०२४-२५ पासून लागू झाली. तिच्यातील खुले ऐच्छिक विषय आणि क्षेत्रप्रकल्प हे या अभ्यासाला आत येण्याचे सोयीचे दार आहे.

कोकणात या तिन्ही विषयांना लागणारी सामग्री बाहेरून आणावी लागत नाही. ती जत्रेत, पोथीत आणि घराघरांतल्या बोलीत आहे. प्रस्तुत नोंदीचा भर त्यामुळे अभ्यासक्रमांच्या यादीपेक्षा या सामग्रीवर आहे.

चित्रकथी. चित्रे दाखवत आख्यान सांगण्याची ही परंपरा कुडाळ तालुक्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपली आहे. सावंतवाडी संस्थानाचा तिला आश्रय होता. तेथील कलावंत परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाल्यावर तिच्याकडे नव्याने लक्ष गेले. एका आख्यानाच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. सांगणारा एकेक चित्र प्रेक्षकांसमोर धरतो आणि वाद्यांच्या साथीने गात, बोलत कथा पुढे नेतो. कॉमिक्सचा अभ्यास ज्या प्रश्नावर उभा आहे तो येथे डोळ्यांसमोर घडतो : एक चित्र संपून दुसरे सुरू होईपर्यंत मधल्या जागेत काय होते? छापील कॉमिक्समध्ये दोन चौकटींमधली ती पांढरी पट्टी वाचक मनातल्या मनात भरतो. अमेरिकी चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये या पट्टीची जी मीमांसा केली ती जगभर शिकवली जाते. पिंगुळीच्या पोथीत ती जागा सांगणाऱ्याचा आवाज भरतो, आणि तो दर खेळाला वेगळे भरू शकतो. म्हणून पोथी नुसती संग्रहालयाच्या काचेआड पाहिली तर अर्धीच पाहिली असे समजावे. विद्यार्थ्यांना आधी पोथीतली चार चित्रे निःशब्द दाखवून मग तोच प्रसंग कलावंताच्या तोंडून ऐकवला, तर चौकट, क्रम आणि निवेदन या संकल्पना वेगळ्या समजावून द्याव्या लागत नाहीत. चित्रपटातील संकलन शिकवायलाही हेच उदाहरण पुरते. अमृता पाटील यांची २००८ मधील ‘कारी’ ही मुंबईतील एका समलिंगी तरुणीची चित्रकादंबरी याच्या शेजारी ठेवून वाचता येते. पोथीतला सांगणारा समोर उभा असतो, तर येथे निवेदन नायिकेच्या स्वतःच्या शब्दांत येते. हा फरक वर्गात लगेच बोलका होतो.

दशावतार. जत्रेत होणाऱ्या या लोकनाट्याला सिंधुदुर्गात धयकालो असेही म्हणतात. आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ च्या सुमारास तो कोकणात आणला असे परंपरा सांगते. नाटकाची लिखित संहिता नसते. आख्यान ठरते आणि संवाद रंगमंचावरच सुचतात. स्त्रीभूमिका परंपरेने पुरुषच करतात. अलीकडे महिलांची दशावतारी मंडळेही उभी राहिली आहेत. रात्रभर मोहिनी झालेला नट पहाटे लुगडे घडी करून पेटाऱ्यात ठेवतो आणि डोक्यावर बोजा घेऊन पुढच्या गावाची वाट धरतो. ‘रात्री राजा, सकाळी कपाळार बोजा’ ही मालवणी म्हण त्याच्याही वाट्याला येते.

मूक चित्रपटाचा आरंभ याच प्रथेला लागून आहे. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ मधील ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती झाले अण्णा साळुंके. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’ मध्ये दुर्गाबाई कामत आणि कमलाबाई गोखले या मायलेकी पडद्यावर आल्या, तरी १९१७ च्या ‘लंकादहन’ मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंके यांनीच केल्या. स्त्रिया मिळेनात म्हणून पुरुष उभे केले, हे नेहमीचे स्पष्टीकरण त्यामुळे अपुरे ठरते. प्रेक्षकाच्या नजरेला ती प्रथा सवयीची होती, हेही त्यात धरावे लागते. जत्रेतला दशावतार पाहत वाढलेल्या विद्यार्थ्याला ही नजर समजावून सांगावी लागत नाही.

मात्र येथेच सर्वांत मोठी चूक होते. स्त्रीभूमिका करणारा नट म्हणजे पारलिंगी व्यक्ती नव्हे. बहुतेकांसाठी ते कसब आहे, पोटापाण्याचा धंदा आहे, देवाची सेवा आहे. एखाद्याला त्या वेशात स्वतःचे काही सापडतही असेल, पण ते त्याने सांगायचे; अभ्यासकाने ठरवायचे नाही. विराटपर्वातील बृहन्नडा, शिखंडी, मोहिनी ही पात्रे दाखवून ‘आपल्याकडे हे पूर्वीपासून मान्य होते’ असा निष्कर्ष काढणारे निबंध पुष्कळ लिहिले जातात. ते घाईचे आहेत. मोहिनीला हात जोडणारे गाव आपल्या घरातल्या मुलाने साडी नेसल्यावर काय करते, हा खरा प्रश्न आहे, आणि तो विचारल्याशिवाय पारलिंगी अभ्यास सुरूच होत नाही.

या अभ्यासाचा उगम अमेरिकेत सँडी स्टोन या पारलिंगी अभ्यासिकेच्या १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधाशी जोडतात. वैद्यक आणि इतरेजन ज्यांच्याविषयी बोलत आले, त्यांनी स्वतः बोलावे, ही त्यामागची भूमिका. भारतात ब्रिटिश सरकारने १८७१ च्या कायद्याने हिजड्यांची नोंदवही ठेवायला सुरुवात केली. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ जणांची नोंद झाली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्याने मात्र ओळखीचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती ठेवले. निकाल आणि कायदा यांतले हे अंतर पदवीच्या वर्गात सावकाश शिकवण्याजोगे आहे.

कोकणचा स्वतःचा प्रश्न येण्याजाण्याचा आहे. मुंबईला गेलेला चाकरमानी गणपतीला घरी येतो. तो आला नाही तर गाव विचारते. शहरात वेगळ्या नावाने, वेगळ्या वेशात जगणारी व्यक्ती चतुर्थीला कोणत्या कपड्यांत एसटीतून उतरते, आरतीला पुरुषांत उभी राहते की बायकांत, आई तिला कोणत्या नावाने हाक मारते? अशा कहाण्या गोळा करणे हे संशोधन म्हणून मोलाचे आहे आणि तितकेच जोखमीचेही. मुलाखत देणाऱ्याचे नाव बदलले तरी वाडी, मंडळ आणि भूमिका लिहिली की तालुक्याला माणूस कळतो. शहरातल्या संशोधनाचे नियम येथे पुरत नाहीत. कधी दोन व्यक्तींच्या हकिकती एकत्र विणाव्या लागतात, तर कधी उत्तम प्रसंग गाळावा लागतो. विद्यार्थ्याला गुण कमी पडले तरी चालतील, पण सांगणाऱ्याची राहती जागा धोक्यात येता कामा नये.

शेवटचा मुद्दा भाषेचा, आणि तो इंग्रजी पाठ्यपुस्तकांत मिळत नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवल्याशिवाय मराठीत स्वतःविषयीची कितीतरी साधी वाक्ये बोलता येत नाहीत. इंग्रजीत पारलिंगी व्यक्तीचे सर्वनाम हा चर्चेचा विषय असतो. मराठीत पुष्कळदा क्रियापदच बोलणाऱ्याचे लिंग सांगून मोकळे होते. मालवणीत तर मुलीला म्हणतात ‘चेडू’, आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे. बोलीचे लिंग आणि समाजाचे लिंग एकच नसते, हे कोकणातले मूल व्याकरण शिकण्याआधी वापरात शिकते. मुलाखत देणारी व्यक्ती एकाच वाक्यात ‘लहानपणी मी शाळेत जायचो’ आणि ‘काल मी बाजारात गेले’ असे म्हणू शकते. टंकलेखन करणारा अशा वेळी चूक समजून एक रूप दुरुस्त करतो, आणि प्रबंधातला सर्वांत महत्त्वाचा पुरावा पुसला जातो. म्हणून ध्वनिमुद्रणावरून उतरवताना क्रियापद जसे ऐकू आले तसेच ठेवावे आणि उतारा छापण्यापूर्वी सांगणाऱ्याला वाचून दाखवावा.